भिंतीवरची तेलाची पट्टी

कुणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीला अंगठा लावत. अंगठा जिभेवर ओला करायचा, भिंतीवर जिथं डाग असेल तिथं दाबायचा, उजेडात धरून पाहायचा आणि मगच घरातल्या माणसांकडे वळायचं. "हे पानी कुठून आलं?" हा त्यांचा रामराम. कसे आहात, काय चाललंय, हे सगळं नंतर. चहा आल्यावर.

तुमच्याही शेजारी असतील अशी माणसं. कोणी दारात आल्यावर पायातल्या चपला बघतं, कोणी सुनेच्या गळ्यातलं बघतं. आमच्या शेजारचे भाऊ डाग बघत. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई म्हणत. बायको लवकर गेलेली, मुलगी बल्लारपूरला दिलेली. मधात एक कुडाचं कुंपण, त्यावर माझा वालाचा वेल. शेंगा त्यांच्या बाजूला लागायच्या आणि ते तोडून माझ्याच सुपात टाकायचे.

एकदा त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला सावली गावाकडे गेलो. त्यांच्या घरी बाईमाणूस नाही म्हणून मला सोबत नेलं. मुलगी पोह्यांची बशी घेऊन उभी, आणि हे कोपऱ्यात भिंतीला अंगठा लावून. मुलीच्या बापाला वाटलं, घराची किंमत करून राह्यले. मुलीचा मामा तापट. तो म्हणाला, "तुमी पोरगी पाहाले आले का घर पाहाले आले?" भाऊ म्हणाले, "पोरगी चांगलीच आहे. पन्हाळीचा जोड सुटला आहे, ते सांगून राह्यलो. दोन पावसाळ्यात भिंत बसते." लग्न झालं. पन्हाळीकडे कोणी पाहिलं नाही. दोन पावसाळ्यांनी भिंत बसली. तेव्हापासून तो मामा यांना वाकून नमस्कार करायचा, पण घरी काही बोलवत नव्हता.

माझंही घर त्यांनी सोडलं नाही. दिवाळीच्या आधी मी पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या की ते कुंपणावरून बघत. मी डावखुरी. "बाई, साऱ्या गावाचा पोतारा उजवीकडे वळते, तुमचा उलटा वळते. चोरी केली तर पहिल्याच दिवशी पकडल्या जासान." मी हसायची. पुढं हेच वाक्य मला कसं लागणार आहे, ते तेव्हा काय माहीत.

नोकरी म्हणाल तर रेल्वेत. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल आणि सिंदेवाही या गावांच्या पट्ट्यातलं. लहान स्टेशन, छोट्या लाईनीच्या काळापासूनचं. भाऊ तिथं खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा गडी. साहेबाची पाहणी आहे असा निरोप आला की चुन्याची बादली घ्यायची आणि दगड, खांब, झाडांचे बुंधे, शेडची भिंत, जे दिसेल ते पांढरं करायचं. सारी नोकरी हेच. ते स्वतःच म्हणत, "मी रेल्वेचा डाग झाकणारा." आणि मग हळूच, "चुना दोन महिने टिकते, बाई. डाग जात नाई. आपल्या जागी येऊन बसते."

असं दरवर्षी झाकायचं आणि दरवर्षी तो डाग वर येताना बघायचा. त्यामुळे त्या शेडचा एकेक डाग त्यांना पाठ झाला होता. कुठल्या सांध्यातून पाणी झिरपतं, कंदिलाच्या आकड्याखाली गंजाचा ओघळ किती लांब जातो, पन्हाळीच्या तोंडाखाली शेवाळ कुठपर्यंत उतरतं.

त्या शेडबद्दल सांगायला हवं. सिमेंटचा शेड, मागं लांब भिंत, भिंतीला लागून सिमेंटचाच बाक. आणि बाकावर बसलेल्या बाईचं डोकं जिथं टेकतं तिथं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळी तेलकट पट्टी. धान निघालं की आम्ही बाया मिरची तोडायला तेलंगी मुलखात जायचो. अख्खी गल्ली निघायची. गाडी तासन्‌तास उशिरा. मोहाच्या बियांचं तेल लावलेली डोकी त्या भिंतीला टेकायची. जाताना झोप नसायची डोळ्यांत, आणि येताना मिरचीनं बोटं अशी पेटलेली असायची की लेकराच्या तोंडाला हात लावता येत नसे. तिथंही डोकं त्याच भिंतीला. मीही गेले, पुष्कळ वर्षं गेले. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा सांगत नव्हते.

छोटी लाईन मोठी झाली तरी शेड राहिला होता. मग नवी इमारत यायची ठरली आणि तो पाडला. भाऊंना तोवर रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली होती. पाडायच्या दिवशी ते सकाळपासून तिथं उभे. परतले ते मुठीएवढं एक ढेकूळ घेऊन, त्या काळ्या पट्टीतलं. ओसरीत ठेवलं आणि म्हणाले, "बनवतो."

काय बनवता? तर शेड. लाकडाच्या फळीवर, दीड हात लांब. छत्रीच्या काड्यांचे रूळ, पत्र्याच्या डब्याचं इंजिन, मागं दोन डबे. माणूस अर्ध्या आगकाडीएवढा. त्या हिशोबानं बाकी सारं. एकच गोष्ट त्यांच्या मनात होती. नव्या स्टेशनात कुठंतरी हा शेड ठेवला जावा, आणि जसा होता तसा ठेवला जावा.

इंजिन आणि रूळ महिनाभरात झाले. भिंतीला दोन वर्षं लागली.

मला वाटायचं, सिमेंट म्हणजे करडा रंग, त्यात काय. बोलून दाखवलं तर त्यांनी मला अंगणात नेलं, ते ढेकूळ उन्हात धरलं आणि म्हणाले, "पाहा. करडं कुठी आहे यात?" खरंच नव्हतं. पिवळट होतं, निळसर होतं, एका कडेला शेणाच्या गोवरीसारखं होतं. मग सुरू झाली राखेची जमवाजमव. तुरीच्या काड्यांची राख वेगळी, गोवरीची वेगळी. आलापल्लीकडून कोणी येणार असेल तर त्याला सागाच्या भुशाची राख आणायला सांगायचे, आणि तो माणूस यांना वेडा म्हणत आणून द्यायचा. सिमेंट धोतराच्या फडक्यातून चाळायचं, डिंकात कालवायचं, भिंतीवर चढवायचं. वाळलं की पातळ राखेचं पाणी, पुसून काढायचं. परत पाणी, परत पुसायचं. चिंचेच्या पाण्यात खिळे भिजवून गंज काढला आणि बाभळीची काडी दातानं चावून केलेल्या ब्रशनं तो आकड्याखाली सोडला. फळी उभी करून सोडला. "ओघळ रंगवायचा नसते, बाई. त्याले आपल्या पायानं उतरू द्या लागते."

कधी चुकायचे. एकदा शेवाळ फार सुंदर उतरलं होतं. मी म्हटलं, वा. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि चाकूनं खरवडून टाकलं. "इथी पानीच येत नव्हतं. मंग शेवाळ काऊन येईल? खोटा डाग आहे." सुंदर असला तरी खोटा डाग त्यांना चालत नसे.

शेवटी ती तेलाची पट्टी. माझ्याकडूनच मोहाच्या बियांचं तेल नेलं. तव्याची काजळी, तेल, आणि सुईला गुंडाळलेला कापूस. एक डोकं म्हणजे तिळाएवढा डाग. भिंतीत तेल चांगलं मुरू द्यायचे, मग पुढचं डोकं. मला वाटलं, सरसकट पट्टी ओढतील. नाही. त्यांनी मला बोलावलं आणि बोट न लावता सुईनं दाखवलं. ही खालच्या आळीची म्हातारी, ही तिची सून, सुनेचा अंबाडा मोठा म्हणून डाग रुंद. "आणि हे तुमी. डावीकडून सातव्या. ठेंगण्या आहा, म्हणून जराशा खाली."

मी पदर तोंडाला लावून हसले. खरं सांगते, त्या क्षणी बरं वाटलं. मी कुठं बसत होते, हे जगात कोणाच्या तरी ध्यानात होतं.

नवी इमारत तयार झाली. एक साहेब बघायला आले. तोवर मी बचत गटाची अध्यक्ष झाले होते, चहा-फराळ आमच्या गटाकडे होता. माझी सून सोबत होती. सून नागपूरची, शिकलेली. तिला मी मिरची तोडायला जात होते हे माहीत नव्हतं. मुलानं सांगितलं नाही, मीही नाही. भाऊंनी शेड तिथं आणून ठेवला होता. साहेब वाकून बघत राहिले. खूश झाले. रूळ पाहिले, इंजिन पाहिलं, म्हणाले, उद्घाटनाला काचेच्या कपाटात ठेवू. मग बोट दाखवून म्हणाले, हे काळं काय आहे? जरा साफ करून घ्या.

भाऊंना वाटलं, साहेबाला समजून घ्यायचं आहे. किती आनंदानं सांगितलं त्यांनी. "आपल्या बायांच्या डोक्याचं तेल आहे, साहेब. मिरची तोडाले जात. या आमच्या बाई, यांचंही आहे त्याच्यात. सातव्या."

सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. सून चहाचा ट्रे धरून होती, तिनं माझ्या केसांकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मी त्या दिवशी साबणानं डोकं धुऊन, पांढरी वेणी नीट घालून गेले होते.

भाऊंनी शेड परत घरी नेला. आठ दिवसांनी ते आजारी पडले. छातीत पाणी झालं. मुलीनं चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरलाही त्यांनी विचारलं म्हणे, पानी कुठून आलं. जाताना घराची चावी माझ्या हातात दिली. "शेडवर ऊन नाई पडलं पायजे, एवढं पाहा."

मग स्टेशनवरून निरोप आला. साहेबांनी सांगितलं तसं साफ झालं तर कपाटात ठेवतो, नाहीतर त्या जागी वाघाचं मोठं चित्र लावतो. भाऊंनी दवाखान्यातून मुलीच्या हाती उत्तर पाठवलं, नाई तर नाई. गटातल्या बाया मला म्हणू लागल्या, तुमचं ऐकतात ते, तुम्ही सांगा. गावाची वस्तू स्टेशनात लागेल, एवढ्याशा काळ्यानं काय अडवायचं.

मी त्यांना विचारलंच नाही.

लोक म्हणतील, बाई अडाणी, तिला काय कळणार. तशी सवलत मी घेत नाही. मला कळत होतं. दोन वर्षं मी ती भिंत होताना पाहिली होती. मी स्वतःला सांगितलं, भाऊंसाठीच करते आहे, काचेत बघतील तर राग विसरतील. आणि नव्या घरात जाताना आपण वस्तू पोतारूनच नेतो, देवसुद्धा घासूनच बसवतो. असं पुष्कळ सांगितलं स्वतःला. दुपारची वेळ होती. कुलूप काढलं, पांढरी माती फडक्यातून गाळली, काडीला कापड गुंडाळलं. आणि सगळ्यात आधी डावीकडून मोजत सातव्या डागावर आले. तो मी पोतारला नाही. तो नखानं खरवडला. आतला लेप भुकटी होऊन नखात येईपर्यंत खरवडला. मग त्या खड्ड्यात माती भरली आणि बाकीच्या बायांवरून फडकं फिरवलं.

एवढंच करायचं होतं. पण पोतारणाऱ्या बाईला विचारा, मधातच थांबता येत नाही. पट्टी पांढरी झाली तर वरचा भाग मळका दिसू लागला. वरचा केला तर आकड्याखालचा गंज डोळ्यात आला. संध्याकाळपर्यंत शेड पांढराशुभ्र झाला होता. दोन वर्षं एका दुपारीत गेली. मी हात धुतले आणि वालाच्या शेंगा तोडल्या.

उद्घाटन संक्रांतीच्या सुमारास झालं. भाऊ दवाखान्यातून सुटून मुलीसोबत थेट स्टेशनावरच आले. अंगावर स्वेटर, पायात मोजे, निम्मे झालेले. लोकांनी वाट करून दिली. टाळ्या वाजवल्या. ते कपाटासमोर उभे राहिले. अंगठा जिभेवर ओला केला आणि काचेवर दाबला. 

"चुना नाई हा," म्हणाले. "पांढरी माती आहे." परत वाकून पाहिलं. "आन हात डावा आहे."

गर्दीत मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्यांनी मला शोधलं नाही, सरळ माझ्याकडे वळले. रागावले असते तर मी रडले असते, आणि मग सगळं सोपं झालं असतं. ते म्हणाले, "साऱ्या नोकरीत मी हेच केलं, बाई. तुमाले काय बोलू मी."

आणि परत कपाटाकडे वळून, "उनाळा येऊ द्या."

मला वाटलं, उन्हाळ्यात लेप लवकर वाळतो, म्हणजे नवा शेड करणार असतील. मनाला तेवढाच आधार घेतला.

त्यानंतर ते माझ्याकडे चहाला आले, नाही असं नाही. कुंपणावरून शेंगाही दिल्या. पण घरात आले की खुर्चीवर बसत आणि जमिनीकडे बघत. त्या वर्षी माझ्या ओसरीच्या कोपऱ्यात भलामोठा ओलावा आला होता. मी मुद्दाम त्यांची खुर्ची त्या कोपऱ्याजवळ मांडायची. एकदाही अंगठा वर गेला नाही. शेवटी मीच म्हटलं, भाऊ, इथं पाणी कुठून आलं असेल हो? "विचारा कोणाले तरी," म्हणाले.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते, तिच्या आधीच ते गेले. छातीतलं पाणी परत आलं. मुलीनं घर रिकामं करताना राखेचे डबे ओतून दिले. ते तेलकट ढेकूळ उकिरड्यावर पडलेलं मी पाहिलं. उचलायला वाकले, आणि कोणी बघेल म्हणून परत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी गेले तर नव्हतं.

मग वैशाख आला. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला सांगायला नको. मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजून बसतं, तुपासारखं. ऊन तापलं की पातळ होतं आणि वाट काढतं. हे माझ्या घरचं तेल, माझ्या डब्यातलं. मला हे माहीत नसावं?

चंद्रपूरला जायला म्हणून मी स्टेशनावर गेले होते. झाडू मारणारी एक तरुण पोरगी आहे तिथं. ती म्हणाली, "आजी, ते कपाटातलं काळं होऊन राह्यलं पाहा. तुमीच रंगवलं होतं म्हणते सारे. एक हात देऊन द्या ना परत."

मी काचेजवळ गेले. पांढऱ्या भिंतीवर, बाकाच्या वर, तिळाएवढे डाग उमटले होते. आधी पुसट, मग एकेक स्पष्ट. सरसकट पट्टी नव्हती. डोकी होती. खालच्या आळीची म्हातारी, आता नाही ती. तिची सून, रुंद अंबाड्याची. त्या पोरीनं विचारलं हे काय आहे, आणि मी तिला एकेकीचं नाव सांगत गेले. सारं सांगितलं, मिरची, गाडी, पेटलेली बोटं. पहिली, दुसरी, तिसरी. सहावीपर्यंत आले. पुढं आठवी होती, नववी होती, पार टोकापर्यंत होत्या. मधात तिळाएवढी जागा पांढरी. तिथं तेलच उरलं नव्हतं, वर काय येणार.

"आन इथी?" तिनं काचेवर बोट ठेवलं. "इथी कोणी नव्हतं का बसत?"

"होती एक," मी म्हटलं.

कोण, ते सांगायला मी तयार होते. सुनेसमोर, साहेबासमोर, कोणासमोरही सांगितलं असतं त्या दिवशी. पण तिनं विचारलं नाही. गाडीची घंटा झाली होती आणि तिला फलाट झाडायचा होता.